इमूच्या पंखाला नख असतं

डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमच्याकडे सहलींचा हंगाम. पुण्याबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक प्राणी-फार्म आहे, घरच्यांना घेऊन रविवार घालवायला लोक येतात तसं. तिथे सात वर्षं मी मुलांना प्राण्यांची माहिती सांगते. वाघ-सिंह बघायचे तर कात्रजला जावं लागतं. आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या, ससे, टर्की, बदकं, एक काठेवाडी घोडी आणि चार इमू. महाराष्ट्रात इमूपालनाचा फुगा फुटला तेव्हा खाद्य परवडेना म्हणून एका शेतकऱ्याने आणून सोडलेल्या पक्ष्यांपैकी हे उरलेले.

सोमवारी आम्हाला सुट्टी असते. त्या मंगळवारी सकाळी आले तर चार नवे फ्लेक्स लागलेले. त्यातले दोन वाचून मी जागीच थांबले. तळ्याकाठी दशावतार होता: मत्स्य, कूर्म, वराह, सुंदर रंगवलेले, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘उत्क्रांतीचं विज्ञान आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं.’ तिथून पन्नास पावलांवर, शेळ्यांच्या कुंपणाला दुसरा: ‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं आहे का? प्रत्येक जीव देवाने आज आहे तसाच घडवला. विज्ञानही आता हेच सांगतं.’

एक फलक म्हणतो, उत्क्रांती आपलीच. दुसरा म्हणतो, उत्क्रांती झालीच नाही. दोन्ही एकाच माणसाने एकाच दिवशी लावून घेतले होते आणि दोन्हींत विज्ञानाचं नाव होतं.

मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडे गेले असताना त्यांनी ब्रिस्टलजवळचं ‘नोहाज आर्क झू फार्म’ पाहिलं. प्राणी, खेळायला जागा, आणि जोडीला बायबलमधली निर्मितीकथा. अशा ठिकाणी ही कथा विज्ञानाच्या भाषेत मांडली जाते म्हणून ब्रिटिश ह्यूमॅनिस्ट असोसिएशन या तिथल्या मानवतावादी संघटनेने २००९ साली उघड आक्षेप घेतला होता, हे काकांना ठाऊक नव्हतं. अमेरिकेत केंटकी राज्यात तर २०१६ पासून ५१० फूट लांबीचं, बायबलच्या प्रलयकथेत प्राणी वाचवणारं नोहाचं तारूच उभं आहे. आत पिंजऱ्यांत डायनोसॉरच्या पिल्लांच्या प्रतिकृती, शेजारी खरं प्राणिसंग्रहालय, आणि पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची असल्याचा दावा. आपल्याकडे वर्षांची अशी टंचाई कधीच नव्हती. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. त्यामुळे आपल्याकडे अडतं ते काळापाशी नाही, ‘आहे तसाच घडवला’ या तीन शब्दांपाशी अडतं. २०१८ च्या जानेवारीत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत हेच म्हटलं होतं, की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याविरुद्ध एकत्र निवेदन काढलं. आमच्या शेळ्यांच्या कुंपणावर तेच वाक्य पुन्हा उगवलं होतं.

दहा वाजता जिल्हा परिषदेच्या शाळेची बस आली. सातवीची मुलं. शेळ्यांपाशी एका मुलीने फलक मोठ्याने वाचला, अगदी शेवटपर्यंत, आणि विचारलं, “ताई, माझ्या बहिणीच्या दहावीच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे, आनुवंशिकता व उत्क्रांती. त्यात वेगळं लिहिलंय. मग खरं काय?”

मी म्हणाले, “दोन्ही वाच, मोठी झालीस की कळेल.”

हे लिहितानाही मला वाईट वाटतं. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा मी घरी बसून संतापले होते. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो धडा आहे, एक मूल तो आठवून माझ्यापुढे उभं आहे, आणि मी नोकरी सांभाळली. तिने मान डोलावली. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, “बोर्डावर लिहिलंय म्हणजे खरंच असणार, इथे प्राणी आहेत ना.”

त्या पोराच्या बोलण्याने मी हलले. पुस्तकातल्या चुकीला निदान कागदाचंच वजन असतं. इथे फलकाखाली जिवंत शेळी रवंथ करत उभी असते आणि वर लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला ती साक्षीदार वाटते. मीही लहानपणी पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी या छोट्या आगगाडीतून उतरून पिंजऱ्यांवरच्या पाट्या वाचायचे. त्यातली एकही खोटी असू शकते, असं कधी मनात आलं नव्हतं.

त्या दिवशी घोडीला नाल ठोकायला चाचा आले होते. मी मुलांना तिकडे नेलं. चाचांनी घोडीचा पुढचा पाय गुडघ्यात मुडपून मांडीवर घेतला होता. मी त्यांना म्हटलं, “चाचा, गुडघ्याखालच्या नळीच्या मागच्या त्या दोन काड्या मुलांना दाखवता का?” “का नाही,” म्हणत त्यांनी त्या मुलीचा अंगठा धरून नळीच्या हाडाच्या मागच्या कडेवरून वरून खाली फिरवला. दोन्ही बाजूंना एकेक बारीक हाड लागतं, खाली येता येता निमुळतं होतं आणि खुरापर्यंत पोचायच्या आतच संपतं.

“हे कशाला असतं?” तिने विचारलं.

“बेटा, दुखावलं की जनावर लंगडतं, एवढं मला ठाऊक,” चाचा म्हणाले. “पुढचं ताई सांगतील.”

मी सगळ्यांना जमिनीवर हात टेकवायला लावले आणि मधल्या बोटाच्या टोकावर भार द्यायला सांगितला. घोडा असा चालतो, प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या कुळातल्या लहानशा प्राण्याला पुढच्या पायाला चार बोटं होती, मागच्याला तीन. आपल्या शिवालिकच्या टेकड्यांतसुद्धा तीन बोटांच्या घोड्यांचे जीवाश्म सापडलेत. बाजूची बोटं गेली, पण त्यांची हाडं अशी अर्धी मागे राहिली. मग मी त्या मुलीकडे वळून म्हणाले, “मघाशी मी तुला नीट उत्तर दिलं नाही. तुझ्या बहिणीच्या पुस्तकातलं बरोबर आहे. आणि माणूस आजच्या माकडापासून झाला असंही ते पुस्तक म्हणत नाही. माकड आणि आपण एका जुन्या पूर्वजाच्या दोन फांद्या.” शाळेचे सर मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी वही काढली.

संध्याकाळी मी स्वतःच काकांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, देवाचं नाव लिहिलं त्यात काय चुकलं?” मी म्हटलं, देवाचं नाव राहू द्या. माझ्या आईची वारी चुकत नाही, वराहाची गोष्ट मी तिच्याच मांडीवर ऐकली. गोष्ट म्हणून दशावतार हवाच. पण अवतार एकामागून एक येतात, आणि उत्क्रांतीत कासवाचा डुक्कर होत नाही. ती शिडी नाही, फांद्या फुटत जाणारं झाड आहे. तिथे ‘विज्ञान’ लिहिलं की गोष्टही बिघडते आणि विज्ञानही. आणि शेळ्यांजवळचं वाक्य तर सरळ खोटं आहे. विज्ञान तसं सांगत नाही.

“लोकांना आवडतंय,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “तुम्ही मुलांना काय दाखवलंत, ते मला दाखवा.”

घोडी बांधून झाली होती, म्हणून इमूंकडे गेलो. त्यांतली एक मादी हातावर वाढलेली, जवळ येऊ देते. गड्याने तिला मागून धरलं. मी पिसांत हात घालून तिचा पंख बाहेर काढला. जेमतेम वीतभर, उडायला काही उपयोगाचा नाही. काकांनी बॅटरीचा उजेड धरला. पंखाच्या टोकाला छोटंसं, वाकडं नख होतं. त्यांनी ते चिमटीत धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं या पक्ष्यांना ते रोज खाद्य घालतात.

“हा तर हात आहे,” ते म्हणाले.

आठवड्याभराने शेळ्यांजवळचा फ्लेक्स उतरला. आता तो कडब्याच्या गंजीवर पांघरलेला आहे. तळ्याकाठचा अजून तिथेच आहे, खालच्या ओळीसकट. काका म्हणतात, बघू. प्रत्येक सहलीला मी त्याच्यापुढे थांबते, मत्स्यापासून वामनापर्यंत गोष्ट पूर्ण सांगते, शेवटची ओळ मुलांकडून वाचून घेते, आणि मग त्यांना इमूकडे नेते.