बाबांचा दम आणि जुना गेटपास

बाबा वास्कोत जहाज दुरुस्तीच्या कामावर होते, ठेकेदाराकडे. जुन्या युद्धनौकांच्या बॉयलर-रूममध्ये वाफेच्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस, म्हणजे उष्णता रोखणारं खनिज तंतूंचं वेष्टण, फोडून काढायचं नि नवं गुंडाळायचं. तोंडाला फार तर रुमाल.

काम सोडून वीसेक वर्षं झाली आणि त्यांना जिना चढवेना. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) सीटी स्कॅन झालं, ॲस्बेस्टॉसिस निघाला. तंतू फुफ्फुसात रुतून बसतात, भोवती व्रण धरतो, तो औषधाने मागे फिरत नाही. डॉक्टरांनी विचारलं, त्यांचे कामाचे कपडे कोण धुवायचं? आई. कपड्यांबरोबर तंतू घरीही येतात, म्हणून तिचाही एक्स-रे काढला.

भरपाईसाठी 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली आयुक्तांपुढे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, अर्ज केला. ॲस्बेस्टॉसिस त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कामातून होणाऱ्या आजारांच्या यादीतच होता, म्हणजे आजार कामातूनच झाला हे कायदा धरून चालायचा. पण आधी काम केलं हे दाखवा! ठेकेदार म्हणाला, "हा माणूस आमचा नव्हेच." त्यात बाबा एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे फिरलेले. अशा वेळी जबाबदारी सगळ्या मालकांवर वाटून पडते, हे वकिलाने सांगितलं तेव्हा जिवात जीव आला.

ट्रंक उपसली. पीएफच्या चिठ्ठ्या मिळाल्या, आणि 1987 चा गेटपास. फोटोवर स्टेपलचा गंज उतरलेला, पण शिक्का वाचता येत होता. त्याहून कामी आले बाबांचे जोडीदार. "धुरळा खूप असायचा" एवढ्यावर वकील ऐकेना. कुठलं जहाज, कुठला कप्पा, काय सोललं, शेजारी कोण होतं, सगळं प्रतिज्ञापत्रात घालायला लावलं.

मुदतीचं भांडण वेगळंच. त्या कायद्यात दाव्याला दोन वर्षं होती, आणि हा आजार उगवतो वीस-तीस वर्षांनी! सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकत होते; आम्ही निदानाच्या तारखेचे कागद जोडले. 1995 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना बजावलं होतं की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, जे उशिरा येईल तोवर ठेवा. वकिलाने तोच धागा धरून विचारलं, तुमच्या नोंदी कुठे आहेत? समोरचे गप्प.

शेवटी तडजोड झाली. ठेकेदाराला ती बाहेरच्या बाहेर उरकायची होती; आम्ही करारनामा आयुक्तांकडे नोंदवायचं ठरल्याशिवाय सही केली नाही. रक्कम मागितली त्याहून कमी आली. त्यातून घरी ऑक्सिजनचं यंत्र घेतलं, नि आता विजेचं बिल बघून बाबाच ते बंद करायला सांगतात.