मागच्या सीटवर कोण बसतं?

‘कूपे घेऊ, की सरळ रोजच्या वापराची चार दारांची गाडी घेऊ?’ हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा जण तरी विचारतात. सहा वर्षं मी दोन दारांची कूपे रोज चालवली आणि मग ती विकून हॅचबॅक घेतली, हे ओळखीच्यांना ठाऊक आहे, म्हणून विचारत असावेत. काहींनी मनातल्या मनात कूपे घेऊनच टाकलेली असते, त्यांना फक्त कुणीतरी ‘घे’ म्हणायला हवं असतं. काहींच्या घरी चार दारांची गाडी ठरलेली असते आणि यांचा जीव मात्र दोन दारांत अडकलेला असतो. दोघांनाही मी उलट एकच विचारते: गेल्या महिन्यात तुमच्या गाडीत तुमच्याशिवाय कोण कोण बसलं?

याचं उत्तर कुणालाच पटकन देता येत नाही. म्हणून मी वही ठेवायला सांगते. चार आठवडे, रोज रात्री दोन ओळी. गाडी कुठे गेली, कोण बसलं, काय नेलं-आणलं, कुठे उभी केली. आपल्या डोळ्यांसमोर असतो तो पहाटेचा मोकळा वळणावळणाचा रस्ता. वहीत मात्र बावीस वेळा तोच वीस मिनिटांचा कामाचा रस्ता निघतो, चार वेळा कुणाला तरी सोडायला जाणं निघतं, आणि एकदा एखादं असं खोकं निघतं जे डिकीत मावलं नाही. काहींच्या वहीत मागची सीट महिनाभर रिकामी असते. त्यांना मी जराही न कचरता सांगते, कूपे घ्या, आणि आत्ताच घ्या.

‘कूपे’ या शब्दातच हा हिशोब आहे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘कापलेली’. घोडागाडीच्या काळात चौघांनी समोरासमोर बसायच्या बग्गीतला पुढचा बाक कापून टाकला आणि दोघांपुरती आखूड बग्गी केली, तिला हे नाव पडलं. कुणाची तरी बसायची जागा कमी करूनच ही गाडी जन्माला आली. आजही कूपे घेताना तेच ठरवायचं असतं: कुणाची जागा कमी केली तर आपल्याला चालणार आहे?

माझी कूपे मी घेतली तेव्हा एकटी होते. ती गाडी मला किती आवडायची हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण पुढचं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी कूपेच्या विरोधात बोलते आहे. तसं मुळीच नाही. त्या गाडीत बसलं की पाय जवळजवळ सरळ पुढे जायचे, कंबर चाकांच्या मध्याच्या उंचीला यायची. वळणावर स्टेअरिंग थोडंसं फिरवलं की नाक लगेच आत यायचं. उंच गाडी आधी कलते, मग सावरते, मग वळते. आपल्याला सवय झालेली असते म्हणून ते जाणवत नाही. वळताना वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. ते किती सरकणार हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर यावर ठरतं. गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी चारही चाकं काम वाटून घेतात. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पाठीला कळतं तेव्हा त्याची गोष्टच वेगळी असते. कामावरून परतताना एक लांबट डावं वळण होतं, जेमतेम पन्नासच्या वेगाने घ्यायचं. त्या एका वळणासाठी मी कित्येकदा जवळचा रस्ता सोडून लांबून घरी आले आहे.

पन्नासच्या वेगाने, हे मुद्दाम सांगितलं. कूपे घेणारे बहुतेक जण अश्वशक्तीच्या आकड्यावर भुलतात, आणि तिथेच चुकतात असं माझं ठाम मत आहे. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग नुसता टिकवायला मध्यम आकाराच्या गाडीला २० अश्वशक्तीच्या आसपास पुरतात. बाकीची ताकद वेग वाढवायला आणि चढाला. चारशे अश्वशक्तीची गाडी रोजच्या गर्दीत चालवणं म्हणजे सतत हात आखडून चालवणं. आणि ती मोकळी सोडावी, तर ताशी ६० वरून १०० वर जाताना गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. ती ब्रेकनेच जिरवावी लागते, नाहीतर कशावर तरी आदळून. तेवढा वेग ट्रॅकवर काढावा, जिथे समोरून कुणी येत नाही आणि कडेला मुलं खेळत नाहीत.

हलकेपणाचा आनंद मात्र कुठल्याही वेगाला मिळतो. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून २०१२ मध्ये आणलेली ८६ ही कूपे मला याच कारणासाठी शहाणी वाटते. दोन लिटरचं इंजिन, २०० अश्वशक्ती, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. इंजिन बॉक्सर, म्हणजे सिलिंडर उभे नसून आडवे, त्यामुळे सगळं वजन खाली. आणि टायर चक्क प्रियससारख्या इंधन वाचवणाऱ्या गाडीला बसणारे, अरुंद आणि कमी पकडीचे. मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांच्या चमूला गाडीची पकड कुठे संपते हे चालवणाऱ्याला कमी वेगातच कळायला हवं होतं. पुष्कळांनी त्या टायरांना नावं ठेवली. मला तो निर्णय फार आवडतो.

याच्या उलटही असतं. दोन दारं आणि उतरतं छप्पर असलं म्हणजे गाडी चालवायला स्पोर्टी असतेच असं नाही. १९६४ ची मस्टँग फोर्डच्या फाल्कन या साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती, आणि पहिल्याच वर्षात तिचा खप चार लाखांच्या वर गेला. लोकांना ते रूप हवं होतं, त्यात चूक काही नाही. रूपच हवं असेल तर तसं स्वतःशी कबूल करावं, म्हणजे कडक सस्पेन्शन आणि महागडे रुंद टायर यांचे पैसे वाचतात.

आता वहीची दुसरी बाजू.

माझी मावशी त्या कूपेच्या प्रेमात होती. सत्तरी ओलांडलेली, पण कुठे जायचं म्हटलं की ‘तुझ्या त्या बुटक्या गाडीतून जाऊ’ म्हणायची. बसताना ती सीटकडे पाठ करून आधी टेकायची, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायची. हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. उतरताना मात्र तसं जमायचं नाही. सीट तिच्या गुडघ्यांच्या खाली, रस्ता हातभर अंतरावर, आणि वर उठायला धरायला काही नाही. ती एक हात दाराच्या चौकटीवर ठेवायची, दुसरा माझ्या मनगटावर, आणि ‘एक, दोन’ म्हणायची. तीन म्हणेपर्यंत तिची बोटं माझ्या मनगटात रुतलेली असायची. एका लग्नाला आम्ही एकत्र जायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी तिचा फोन आला, ‘अगं, मी बसने जाते, तू उगाच वळसा घेऊ नकोस.’ तेव्हा मला काही वाटलं नाही. नंतर महिनाभराने लक्षात आलं की ती माझ्या गाडीतून कुठे जाणंच बंद झाली आहे. तिने गाडीबद्दल एक शब्द वाईट काढला नाही, हे मला जास्त लागलं.

मग मुलगी झाली. तान्ह्या बाळाची सीट पाठमोरी बसवायची असते. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ नियमानुसार मंजूर सीटमध्ये बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत तोंड मागेच हवं. समोरच्या सीटपुढची एअरबॅग चालू असेल तर ती पाठमोरी सीट पुढे लावायचीच नाही, त्यात जिवाचा धोका आहे. म्हणजे मागेच. पाठमोरी सीट लांबीला जागा खाते, म्हणून पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागली की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकायला लागले. पण खरी परीक्षा होती ती झोपलेल्या मुलीला बाहेर काढताना. पुढची सीट पाडायची, त्या फटीतून कमरेत वाकून आत शिरायचं, अंधारात पट्ट्याचं बटण चाचपायचं, आणि मग दहा किलोचं झोपलेलं मूल हात लांब ठेवून, पाठ वाकडी करून, तिचं डोकं छताच्या कडेला न लागू देता बाहेर आणायचं. पाऊस असला तर माझी अर्धी पाठ बाहेर भिजत असायची. शेजारी दुसरी गाडी उभी असली तर आणखी अवघड, कारण कूपेचं दार लांब असतं. चार दारांची गाडी जितक्या जागेत दार उघडून देते तितक्यात कूपेचं दार पुरतं उघडतच नाही. रोज स्वतः बसतानाही सीटबेल्ट खांद्याच्या बराच मागे असतो, प्रत्येक वेळी पिळून मागे हात घालावा लागतो. शोरूममध्ये हे कुणी दाखवत नाही, कारण तिथे आजूबाजूला मोकळी जागा असते.

आठ महिने मी तसं रेटलं. मग विकली.

टायरांचंही एक सांगायला हवं, कारण रोजच्या गाडीत त्याने फार फरक पडतो. टायरवर २४५/३५ आर१९ असं लिहिलेलं असेल तर २४५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या ३५ टक्के ही टायरच्या बाजूची उंची, आणि १९ हा इंचांमध्ये रिमचा आकार. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण ८६ मिलिमीटर रबर. १८५/६५ आर१५ या साध्या टायरमध्ये तेच १२० मिलिमीटर असतं. खड्डा आला की हा साडेतीन सेंटिमीटरचा फरक रिमला आणि कमरेला कळतो. कूपे घ्यायचीच असेल आणि रस्ते खराब असतील, तर त्याच गाडीचं लहान रिमचं मॉडेल घ्या. दिसायला ते थोडं कमी रुबाबदार असतं, पण चालवायला बहुतेक वेळा जास्त छान.

मधला मार्ग विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि तो आहे: ‘हॉट हॅचबॅक’, म्हणजे दणकट इंजिनाची, चपळ केलेली हॅचबॅक. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय १९७६ मध्ये बाजारात आली तेव्हा कंपनीने फक्त ५००० गाड्यांचा अंदाज बांधला होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त खपल्या. ११० अश्वशक्ती, वजन साडेआठशे किलोच्या आत, आणि मागे खऱ्या माणसांना बसता येईल अशी सीट. त्याही आधी छोट्या मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ ची मोंटे कार्लो रॅली जिंकून दाखवली होती. चालवण्याचा आनंद कूपेच्या आकारातच असतो असं नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. फक्त आजच्या काही हॉट हॅचबॅक इतक्या कडक केलेल्या असतात की त्यापेक्षा एखादी कूपे मऊ वाटते. तेव्हा नावावर जाऊ नका, खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून बघा. दुसरा मार्ग म्हणजे दोन गाड्या: रोजची साधी, आणि जुनी हलकी कूपे. जागा आणि वेळ असेल तरच. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो, टायर एकाच जागी दबतात. तिला दर पंधरवड्याला बाहेर काढणार नसाल तर घेऊ नका. गाडीचे हाल होतात, ते मला बघवत नाहीत.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. वहीत ज्यांची नावं आली त्यांना घेऊन जा. मुलाची सीट घरून न्या आणि तिथेच लावून बघा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला बसवा आणि, मुख्य म्हणजे, उतरवा. उतरताना त्यांचे हात काय शोधतात ते बघा. गाडी रोज जिथे लावता तिथे नेऊन दार किती उघडतं ते बघा. रिव्हर्स घेताना छप्पर पेलणाऱ्या, मागच्या काचेशेजारच्या जाड खांबाआड काय काय लपतं तेही. आणि मग, हे सगळं झाल्यावर, एकटीने किंवा एकट्याने तुमच्या आवडत्या वळणावर एकदा न्या. घरी येताना चेहऱ्यावर हसू असेल तर तेही वहीत लिहा, इतर नोंदींइतकीच ती नोंद खरी आहे.

माझी हॅचबॅक चांगली आहे. हलकी आहे, गिअर हाताने टाकायचे आहेत, ते डावं वळण हिच्यातही मजेत घेता येतं. मावशी आता चौकट न धरता उतरते. मुलगी अकरा वर्षांची झाली, उंच झाली, आणि पुढे बसायचा हट्ट धरते. परवा डिकीतून तिचं दप्तर काढताना सहज मागच्या सीटकडे लक्ष गेलं. तिथे धूळ होती. त्या रात्री मी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.