सुईवरून नुकतीच उतरलेली शाल

"अगं, हे काय, नुसता बोळा झालाय!" शेजारच्या काकू आज माझी लेसची शाल हातात घेऊन म्हणाल्या आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

त्यांचं तरी काय चुकलं, लेस सुईवरून उतरते तेव्हा तशीच दिसते, आकसलेली, जाळी कुठे नि पान कुठे काही कळत नाही. लोकर इतकी बारीक की ५० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण ४०० मीटर धागा. कोमट पाण्यात भिजवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची (पिळायची अजिबात नाही!), मग गादीवर ताणून कडेच्या प्रत्येक टोकाला टाचणी, तेव्हा कुठे एकेक भोक उघडतं आणि नक्षी वर येते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर बायका अशा शाली लाकडी चौकटीवर ताणून वाळवायच्या, अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम. चौकटीवर चढण्याआधी त्याही बोळ्यासारख्याच दिसत असणार ना?

वाईट याचं वाटलं, की विणकाम कळणारी माणसंच कमी झालीत. आईच्या मैत्रिणींपैकी कुणी असतं तर आधी शाल उलटी करून टाके बघितले असते.

तुमच्यात कुणी अजून लेस विणतं का? आणि न गंजणाऱ्या टाचण्या कुठे मिळतात तेही सांगा प्लीज.