तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरूलाच घर कसं विकलं?

लग्नात, भिशीत, परवा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते तिथेही तेच. "तुम्ही म्हणे इंदिरानगरचा फ्लॅट भाडेकरूलाच विकलात, भाड्यातून पैसे वळते करून? आम्हीही तसंच करावं म्हणतोय. जमतं का हो?"

जमतं. फक्त मी भाड्यातून काहीच वळतं केलं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

माझे भाडेकरू म्हणजे मेस चालवणारं जोडपं, मी त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणते. रोज शंभरेक डबे जायचे, पैसा सगळा रोखीत, इन्कम टॅक्सचं रिटर्न कधी भरलेलं नाही. अशा माणसाला गृहकर्जासाठी बँक दारात उभं करत नाही. त्यांना तीन वर्षं हवी होती, रिटर्न भरायला आणि थोडी रक्कम साठवायला. मला घर दाखवत हिंडायचा कंटाळा आला होता. ऑक्टोबर 2019 मध्ये नाशिकच्या त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचे 32 लाख ठरले.

वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "काकू, हा माणूस तुमचा भाडेकरू की गिऱ्हाईक? दोन्ही असेल तर कागदही दोन करा." पूर्वी हाउसिंग बोर्ड भाडेखरेदीने, म्हणजे दरमहा हप्ते भरून शेवटी मालकी अशा पद्धतीने, घरं द्यायचं, तसा तयार साचा आपल्यासारख्यांच्या खासगी व्यवहाराला नाही. म्हणून एक साठेखत, म्हणजे पुढे घर विकण्याचा करार, आणि एक लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, दोन्ही नोंदवलेले. पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून निर्धास्त झालेले लोक मला भेटतात तेव्हा काय बोलावं कळत नाही. नोंदवलेल्या साठेखतानेसुद्धा मालकी जात नाही, ती जाते खरेदीखताने.

आणि ताब्यासकट साठेखत म्हटलं की महाराष्ट्रात स्टँप ड्युटी खरेदीखताइतकी. "तो तर आधीपासून भाडेकरू म्हणून आत राहतोच आहे" ही पळवाट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंद केली. आमचे 1 लाख 92 हजार ड्युटीचे आणि 30 हजार नोंदणीचे गेले, तेही त्या दोघांच्या खिशातून. पुढच्याच वर्षी, 2020 मध्ये, सप्टेंबर ते डिसेंबर सरकारने ड्युटीत 3 टक्के सूट दिली. वहिनींनी तो विषय आजतागायत सोडलेला नाही.

हिशोब असा होता: 3 लाख चेकने आधी, दरमहा 10 हजार भाडं आणि 8 हजार किमतीपोटी, 36 महिने. उरलेले 26 लाख 12 हजार कर्जातून. दोन रकमा दोन वेगवेगळ्या एंट्रींनी पाठवायच्या, असं वकिलांनी बजावलं होतं. भाऊंनी घाईत काही महिने 18 हजार एकदमच पाठवले. कर्जाच्या वेळी बँकेतल्या बाईंनी माझ्यासमोर पासबुकातल्या त्या ओळींखाली पेनाने रेघा मारल्या. "हे सगळं भाडंच दिसतंय, यातलं स्वतःचं भांडवल कुठलं?" मग मी पत्र लिहून दिलं, साठेखत दाखवलं, तरी पंधरा दिवस गेले.

मधली तीन वर्षं विचित्र असतात. घर माझं, पण माझं नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस माझ्या नावावर लावणार, सभेला मीच जाणार. एकदा वहिनींचा फोन आला, "काकू, ओट्याचा कडप्पा काढून ग्रॅनाइट बसवू का?" भाडेकरूने विचारलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं. मी "बसवा की" म्हटलं आणि रात्री पडल्या पडल्या मनात आलं, व्यवहार फिसकटला तर हा ओटा कुणाचा?

फिसकटायला आलाही होता. मार्च 2020 अखेर मेस बंद पडली. चार महिने ना भाडं, ना हप्ता. करारात लिहिलेलं होतं, लागोपाठ दोन हप्ते चुकले की साठेखत रद्द आणि 3 लाख जप्त. माझा सख्खा भाऊ म्हणाला, "लिहिलंय ना? मग बघतेस काय?" मी केलं नाही. पण उगाच मोठेपणा घेत नाही. त्या मे महिन्यात दुसरं गिऱ्हाईक कुठून आणणार होते? आम्ही मुदत चार महिने वाढवली, तीही लेखी. हा व्यवहार वाईट माणसाच्या हातात पडला तर काय होईल, ते मला तेव्हा कळलं. घेणाऱ्याचं सगळं अडकलेलं असतं, आणि त्याच्या चुकण्यात विकणाऱ्याचा फायदा असतो.

नंतर भाव चढले. आमच्याच जिन्यातला तसाच फ्लॅट 39 ला गेला, तेव्हा पोटात दुखलंच. जानेवारी 2023 मध्ये खरेदीखत झालं, 32 लाखांतच.

तर तुमचा भाडेकरू रिटर्न भरायला तयार आहे का, ते आधी विचारा. भाव पुढे चढला तर तुमच्या पोटात किती दुखेल, तेही स्वतःला विचारून ठेवा. मग आपण दोघी मिळून वकिलांकडे जाऊ. फी मात्र तुमची.