काळ्याभोर डोळ्यांतला प्रकाश

अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी डिसेंबर १९८४ मध्ये पाकिस्तानात पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत टिपलेले शरबत गुला या अफगाण मुलीचे छायाचित्र जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आले आणि तेव्हापासून व्यक्तिचित्रणातील डोळ्यांचा विषय निघाला की पहिला दाखला त्या हिरव्या डोळ्यांचाच दिला जातो. छायाचित्र थोर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु आपल्याकडे कॅमेरा शिकणाऱ्यांची त्यामुळे थोडी दिशाभूल होते, असे माझे मत आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी असतात. अशा डोळ्यांत बुबुळ कुठे संपते आणि बाहुली कुठे सुरू होते, हे छायाचित्रात सहसा कळत नाही, आणि प्रकाश चुकला तर तिथे नुसते दोन काळे डाग उरतात.

म्हणून आपल्याकडे रंगापेक्षा डोळ्यांत उमटणारा चमकता ठिपका, ज्याला छायाचित्रकार ‘कॅचलाइट’ म्हणतात, तो अधिक मोलाचा. डोळ्याचा पृष्ठभाग गोल आणि ओलसर असल्यामुळे समोरच्या प्रकाशस्रोताचे प्रतिबिंब त्यात जसेच्या तसे उतरते: खिडकी असेल तर चौकट, रिंग लाइट म्हणजे कड्याच्या आकाराचा दिवा असेल तर पांढरे कडे. (हे कडे मला मुळीच रुचत नाही, ते नेमके बाहुलीभोवती बसते आणि माणसाची नजर यंत्राची वाटू लागते.) ठिपका बुबुळाच्या वरच्या अर्ध्यात, घड्याळात १० किंवा २ वाजतात त्या जागी आला की चेहरा जिवंत दिसतो.

भर दुपारी हे साधत नाही. मेच्या मध्यास पुण्यात सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि भुवयांची सावली थेट डोळ्यांच्या खोबणीत पडते. अशा वेळी मी माणसाला ओसरीच्या छपराखाली, अंगणाकडे तोंड करून उभे करतो. समोरचे उजळ अंगणच मग डोळ्यांत उतरते. तेवढ्याने भागले नाही, तर छातीच्या खाली पांढरा थर्माकोल आडवा धरावा, म्हणजे त्यावरून उजेड डोळ्यांकडे परततो.

फोकसचे गणित त्यामानाने सरळ आहे. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, एफ १.८ (म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच उघडे) आणि दीड मीटर अंतर असेल, तर पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा असतो. चेहरा बराच वळलेला असल्यास दोन्ही डोळे त्यात मावत नाहीत. तेव्हा जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवावा किंवा छिद्र लहान करून एफ ४ वर जावे, म्हणजे तोच पट्टा सात-साडेसात सेंटीमीटरचा होतो. चष्मा रोज लावणाऱ्याला तो काढायला लावू नये. काड्या कानांवरून किंचित उचलल्या की भिंगे खाली झुकतात आणि त्यांवरची चकाकी बहुधा जाते.

माणसाने कॅमेऱ्याकडेच पाहावे, हा आग्रह मात्र मला पटत नाही. अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ मध्ये पुण्यात टिपलेल्या छायाचित्रात चरख्यामागे बसलेले गांधीजी खाली पाहून वाचत आहेत. त्यांच्या बाहुल्या दिसतच नाहीत, तरीही लक्ष कुठे लागले आहे ते स्पष्ट कळते. खाली वळलेल्या नजरेचे चित्र घेताना फोकस पापणीच्या कडेवर ठेवावा आणि प्रकाश थोडा खालून, हातातल्या कागदावरून परतून येईल असा पाहावा.