वाइनसाठी नक्की किती प्रकारचे ग्लास लागतात?

मागच्या आठवड्यात रात्री अकराला धाकट्या भावाचा व्हॉट्सॲप आला, दादा नवीन फ्लॅटमध्ये शिफ्ट होतोय, वाइनचे ग्लास घ्यायचेत, आणि खाली एका सेटचा फोटो. अठरा ग्लास. सहा रेडचे, सहा व्हाइटचे, सहा स्पार्कलिंगचे, म्हणजे बुडबुडेवाल्या वाइनचे. मी सरळ फोनच लावला, म्हटलं थांब, ऑर्डर टाकू नकोस. फोनवर अर्धा तास बोललो तरी बरंच राहिलं म्हणून इथे नीट लिहितोय, नाशिकला राहतो त्यामुळे हा प्रश्न मला बरेच जण विचारतात.

तर मुळात ग्लासचा आकार का महत्त्वाचा? आपण ज्याला वाइनची चव म्हणतो त्यातला बराचसा भाग वासाचाच असतो. सर्दी झाल्यावर आमटी कशी नुसती खारट-तिखट लागते, तसंच. म्हणून ग्लास असा हवा की पोट फुगीर आणि तोंड आवळलेलं, कमळाच्या कळीसारखं, म्हणजे वास आत साठून राहतो आणि ग्लास फिरवला तरी वाइन बाहेर उडत नाही. 2015 मध्ये टोकियोच्या संशोधकांनी एका खास कॅमेऱ्याने ग्लासमधून वर येणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेचे फोटो काढले होते. वाइन 13 डिग्रीला असताना वाइन ग्लासमध्ये ती वाफ कडेकडेने गोल रिंगसारखी दिसली आणि मधे अल्कोहोल कमी, म्हणजे नाक जिथे जातं तिथे झिणझिणी कमी नि वाइनचा वास जास्त. सरळ ग्लासमध्ये आणि मार्टिनी ग्लासमध्ये ही रिंग दिसलीच नाही. मला हे वाचून फार आनंद झाला होता कारण घरी जे जाणवत होतं त्याचं कारण सापडलं.

घरी काय जाणवलं तर, मी एकदा एकाच बाटलीतली शिराझ ही रेड वाइन स्टीलच्या पेल्यात, सरबताच्या ग्लासात आणि वाइन ग्लासात अशी शेजारी शेजारी ओतली. पेल्यात वास जवळजवळ नाहीच, सरबताच्या ग्लासात आधी अल्कोहोलच नाकात गेलं, आणि वाइन ग्लासात मिरी, जांभूळ, सगळं हळूहळू वर आलं. बायकोला डोळे मिटून वास घ्यायला लावला, तिनेही तिसराच निवडला. तुम्हीपण करून बघा, वाचून कळण्यापेक्षा पाच मिनिटांत पटतं.

आता प्रत्येक द्राक्षाला वेगळा ग्लास हे कुठून आलं? ऑस्ट्रियाच्या, काचेचे ग्लास बनवणाऱ्या रीडेल घराण्यातल्या क्लाउस रीडेल यांनी 1958 मध्ये फ्रान्सच्या बरगंडी वाइनसाठी मोठ्ठ्या पोटाचा ग्लास काढला आणि 1973 मध्ये वेगवेगळ्या वाइनसाठी अख्खी सिरीज आणली. ग्लासच्या आकाराने वाइनचा वास बदलतो हे त्यांनी लोकांना दाखवून दिलं, मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण अमुक ग्लास वाइन जिभेच्या गोडाच्या भागावर टाकतो नि तमुक आंबटाच्या, असं जे दुकानात सांगतात ते चूक आहे, जिभेचा तो नकाशा 1901 च्या एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या अर्थावरून आलाय, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

आपल्याकडे खरा मुद्दा ग्लासच्या प्रकारांपेक्षा उकाड्याचा आहे. एप्रिलमध्ये गच्चीवर बसून फ्रिजमधली थंडगार शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन मोठ्या रेडच्या ग्लासात काठोकाठ भरली तर गप्पांच्या नादात ती कोमट होते, आणि कोमट शेनिन मला तरी नुसती गोडगोड लागते, सगळा तजेला जातो. म्हणून व्हाइटला ग्लास थोडा लहान आणि ओतायचं कमी, दोन-तीन घोट, बाटली बर्फाच्या पाण्यात. दांडी असलेला ग्लास घ्या आणि दांडीलाच धरा, आपला हात 30 डिग्रीच्या वर असतो आणि व्हाइट साधारण 8 ते 12 ला छान लागते. बिनदांडीचे ग्लास सध्या खूप दिसतात, सांडत नाहीत हे खरं, पण आपल्या हवेत मी घेणार नाही. रेडसुद्धा 16-18 डिग्रीला हवी, आपल्याकडे रूम टेंपरेचर म्हणजे 32, तेव्हा तीही आधी फ्रिजमध्ये ठेवा.

स्पार्कलिंगला उंच बारीक ग्लास, ज्याला फ्लूट म्हणतात, तो दिसायला सुंदर, बुडबुड्यांची माळ छान दिसते, पण नाक आत जात नाही. पसरट बशीसारख्या ग्लासातून तर गॅस भराभर उडून जातो. दिंडोरीकडची चांगली स्पार्कलिंग मी साध्या व्हाइटच्या ग्लासातच पितो.

म्हणून भावाला सांगितलं, एकाच प्रकारचे सहा घे. साधारण 350-400 मिलीचे, पातळ कडेचे, पोटापेक्षा तोंड अरुंद, दांडीवाले, आणि पोट सगळ्यात रुंद असतं तिथपर्यंतच भर, म्हणजे 120-150 मिली, बाटलीत पाच जण होतात. कड मात्र नक्की बघ, जाड गोळा असलेली कड ओठाला लागते आणि घोट धबकन येतो. काचेवर नक्षी किंवा रंग नको, वाइनचा रंग दिसायला हवा.

आणि धुण्याचं, ते कोणी सांगतच नाही. लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण काचेला राहिला तर सगळ्यावर पाणी. नुसतं गरम पाणी, फारच तेलकट झाला तर एक थेंब साबण आणि भरपूर खळबळायचं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात. पुसायला जुना सुती पंचा, आणि पुसताना एका हाताने बूड नि दुसऱ्याने तोंड धरून पिळायचं नाही, दांडी तिथेच मोडते, माझे दोन असेच गेलेत. कपाटात उपडे ठेवू नका, आत फळीचा वास कोंडतो, मसाल्याच्या कपाटात तर मुळीच नको.

परवा भावाचा फोटो आला, सहा ग्लास, ओट्यावर पंचावर वाळत ठेवलेले. खाली लिहिलंय, दादा रविवारी ये, शिराझ घेऊन ये, पेला मी काढून ठेवतो.