चिलीतला कूप सीआयएनेच केला ना?

मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे वर्गात चिलीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, मॅडम तो कूप, म्हणजे १९७३ चा लष्करी सत्तापालट, सीआयएनेच (अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेनेच) केला ना? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण हो किंवा नाही असं एका शब्दात मला खरंच सांगता येत नाही.

११ सप्टेंबर १९७३ ला राजधानी सँतियागोमध्ये ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर बॉम्ब पडले ते चिलीच्याच हवाईदलाच्या हॉकर हंटर विमानांतून (लोंगेवालाला आपण वापरली तीच हंटर). पायलट चिलीचे, हुकूम देणारे जनरल चिलीचे. समाजवादी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे त्या दिवशी आतच मरण पावले. १९७५ मध्ये अमेरिकन सिनेटच्या चर्च कमिटीने (चर्च हे तिच्या अध्यक्षांचं आडनाव) चौकशी केली तर त्या कूपमध्ये अमेरिकेचा थेट हात असल्याचा पुरावा काही सापडला नाही. बरेच लोक इथेच विषय संपवतात. मला ते पटत नाही, कारण ही गोष्ट १९७३ ला सुरूच होत नाही.

४ सप्टेंबर १९७० च्या निवडणुकीत आयेंदेंना सर्वात जास्त मतं पडली, पण ती साधारण ३६ टक्केच, त्यामुळे शेवटचा निर्णय २४ ऑक्टोबरला तिथल्या संसदेत व्हायचा होता. मधल्या त्या दिवसांत, १५ सप्टेंबरला, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सनने सीआयएचा प्रमुख रिचर्ड हेल्म्सला बोलावून घेतलं. हेल्म्सने हाताने लिहिलेल्या नोंदी आज कोणालाही बघता येतात. मीटिंगमध्ये आपण खरडतो तशा तुटक ओळी आहेत, दहात एक चान्स असेल पण चिली वाचवा, दूतावासाला यात घ्यायचं नाही, १ कोटी डॉलर आहेत, लागले तर अजून, अर्थव्यवस्थेला ओरडायला लावा, प्लॅनसाठी ४८ तास. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते त्या पानाकडे.

आयेंदे सत्तेवर यायच्या आधीच लष्कराने सत्ता घ्यावी असा बेत होता, पण अडचण होती चिलीचे लष्करप्रमुख रेने श्नायडर यांची. लष्कर राज्यघटनेप्रमाणे चालेल, राजकारणात पडणार नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. म्हणून त्यांना पळवून नेऊन गोंधळ उडवायचा असं ठरलं. सीआयए दोन गटांच्या संपर्कात होती, त्यातल्या एकाला २२ ऑक्टोबरच्या पहाटे मशीनगन्स दिल्या. त्याच सकाळी श्नायडर कामावर निघाले होते, रस्त्यात त्यांची गाडी अडवली, काचा फोडल्या, त्यांनी पिस्तूल काढायचा प्रयत्न केला आणि त्यांना गोळ्या घातल्या. ३ दिवसांनी ते गेले. मारणारा गट दुसरा होता, त्याला सीआयएने आधी थांबायला सांगितलं होतं, हेही खरं. आणि परिणाम उलटाच झाला, संसदेने आयेंदेंना १५३ विरुद्ध ३५ मतांनी निवडलं.

पुढची ३ वर्षं पैसा चालू राहिला. एल मेर्कुरियो या मोठ्या पेपरला, विरोधी पक्षांना. आर्थिक मदत आणि कर्जं आटली, पण लष्कराची मदत मात्र बंद केली नाही, ही जोडी माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे. महागाई, दुकानांसमोरच्या रांगा, ट्रकवाल्यांचे संप, यात आयेंदे सरकारच्या स्वतःच्याही चुका होत्याच, आणि संतापलेली माणसं चिलीचीच होती, ती काही वॉशिंग्टनहून आणलेली नव्हती. पण त्या आगीत बाहेरून तेल ओतलं जात होतं.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की कूप तेव्हाचा लष्करप्रमुख पिनोचेत आणि बाकीच्या जनरलांनी केला आणि त्याचा दोष त्यांच्यावरून काढून घेता येणार नाही, पण ते सरकार टिकू नये याची तजवीज अमेरिकेने ते स्थापन व्हायच्या आधीपासून केली होती. खुद्द निक्सनचा सुरक्षा सल्लागार किसिंजर कूपनंतर काही दिवसांनी निक्सनला फोनवर म्हणाला होता की आपण केलं नाही, पण मदत केली.

मला स्वतःला मात्र श्नायडर सोडत नाहीत. त्यांना मारणाऱ्या गटातला एक फरारी माणूस नंतर सीआयएकडे पैसे मागायला आला आणि त्याला ३५,००० डॉलर दिले गेले. हे सीआयएने २००० साली स्वतःच लिहून दिलंय. का दिले त्याची ३ कारणं आहेत, आधीचे संबंध गुप्त राहावेत म्हणून, त्या गटाशी संबंध चांगले राहावेत म्हणून, आणि तिसरं, माणुसकीच्या नात्याने.